समोरच्याच्या हातात काय उरतं?

पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममध्ये दोन खेळाडू आपापल्या पोकेमॉनच्या टीम लढवतात, आणि त्यात कशावर बॅन यावा यावर कायम भांडतात. या खेळात एक स्लोब्रो होता. गुलाबी, सुस्त, शेपटीला शिंपला लटकलेला. त्याला जिंकायचंच नव्हतं. ब्लॉक ही मूव्ह, म्हणजे चाल, टाकून तो समोरच्या पोकेमॉनला मैदानात अडकवायचा, म्हणजे त्याला परत बोलावून दुसरा पाठवायचा, स्विचचा, रस्ता बंद. मग आपण मारत बसायचं आणि त्याने स्लॅक ऑफ करून बरं होत बसायचं. मारून मारून आपल्या सगळ्या मूव्हचे पीपी, म्हणजे त्या वापरायच्या संधी, संपले की खेळ आपल्याला स्ट्रगल करायला लावतो, आणि स्ट्रगलचा फटका करणाऱ्यालाही बसतो, दर वेळी एकूण एचपीच्या, म्हणजे जिवाच्या, चौथाईचा. चला, निदान मरून तरी सुटू, असं वाटावं, तर हा पठ्ठ्या हील पल्स वापरून आपल्याला बरं करायचा. शत्रूला! स्वतःचे पीपी संपले की ते भरून देणारी लेप्पा बेरी खायची आणि रिसायकल करून तीच बेरी परत मिळवायची. चक्र पूर्ण. लढत संपणारच नाही. ज्याला आधी झोप येईल तो हरला.

या स्लोब्रोला आवरण्यासाठी नियम झाला, न संपणाऱ्या लढतींवर बंदी आली, आणि माझ्या आठवणीत त्या नियमाविरुद्ध कुणी गळा काढला नाही. एरवी ज्या मंडळींना कुठलाही बॅन म्हणजे रडकेपणा वाटतो, तीही गप्प बसली. नवल असं की तो स्लोब्रो ताकदवान अजिबात नव्हता. त्याच्या एकाही मूव्हने कुणाचा जीव जात नव्हता. खेळाच्या नियमांत बसणाऱ्याच गोष्टी तो करत होता. तरी सगळ्यांना कळलं की हे खेळणं नाही. का कळलं, याचं उत्तर नीट शोधलं तर बॅनबद्दलची निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं. उरलेली निम्मी मिटू नयेत, त्यात मजा आहे.

भांडणं नेहमीची आहेत. एक पक्ष म्हणतो, खेळ बनवणाऱ्यांनी दिलंय ना, मग चालणार. हरलास तर शिक. दुसरा म्हणतो, हे ब्रोकन आहे, दर लढतीत तेच तेच दिसतं, काढा. मी बरीच वर्षं पहिल्या पक्षात होतो. बॅनची मागणी करणाऱ्याला मनातल्या मनात ‘आधी टीम सुधार’ असं म्हणायचो. आज मी दुसऱ्या पक्षात गेलोय असंही नाही. दोघंही चुकीच्या गोष्टीचं माप काढतायत, एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिल्या पक्षापासून सुरुवात करू. ‘बनवणाऱ्यांनी दिलंय’ हा युक्तिवाद ऐकताना बनवणाऱ्यांनी काय काय दिलं होतं हे आठवावं. 1996 साली जपानमध्ये पहिले खेळ आले तेव्हा स्पेशल हा एकच स्टॅट, म्हणजे क्षमतेचा आकडा, होता. हल्लाही त्याच्यावर, बचावही त्याच्यावर. म्हणजे अ‍ॅम्नेशिया ही मूव्ह एकदा केली की दोन्ही एका फटक्यात वाढले. म्यूटूचा स्पेशल 154, आणि तो अ‍ॅम्नेशिया शिकतो. म्यूटूच्या सायकिक प्रकारावर घोस्ट प्रकार भारी पडतो असं खेळातली पात्रंच सांगायची, प्रत्यक्षात कोडमधल्या चुकीमुळे घोस्टचा हल्ला सायकिकला लागायचाच नाही. बग प्रकाराच्या मूव्ह नावापुरत्या. थोडक्यात, सायकिक पोकेमॉनला अडवणारं कुणीच नव्हतं. ही कुणाची ठरवून केलेली रचना म्हणायची का? तो खेळ मुलांनी गावोगाव फिरत, पोकेमॉन पकडत पूर्ण करावा म्हणून बनला होता. दोन माणसांनी शंभरदा समोरासमोर बसून एकमेकांचा कस काढावा हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. त्या काळी कार्ट्रिज एकदा विकलं की विषय संपला, नंतरची दुरुस्ती नाही. 1999 च्या, दुसऱ्या पिढीतल्या खेळांत डार्क आणि स्टील हे प्रकार आले, स्पेशलचे दोन तुकडे झाले, म्हणजे बनवणाऱ्यांनाही तोल बिघडल्याचं दिसलं होतं. मधल्या वर्षांत ज्यांना गंभीरपणे खेळायचं होतं त्यांनी म्यूटूला बाजूला ठेवलं. दुसरं काय करणार होते?

आणि बॅन न करणं हाही निर्णयच असतो, हे या पक्षाच्या लक्षात येत नाही. काहीच काढलं नाही तर सगळं खेळायला मिळतं, असं होत नाही. कागदावर शेकडो पोकेमॉन उरतात, टीममध्ये तेच डझनभर येतात. ज्याला तसंच खेळायचंय त्याची सोयही आहे. तिची कथा मला फार आवडते. स्मोगॉन हा खेळाडूंचा ऑनलाइन समाज लढतींचे नियम ठरवतो आणि पोकेमॉन टियरमध्ये, म्हणजे पायऱ्यांमध्ये, वाटतो. त्यात उबर्स ही सर्वांत वरची जागा, पण मुळात ती बॅन झालेल्यांची वखार. इथे सगळे दांडगे एकमेकांशी खेळतात. मग 2014 च्या अखेरीस आलेल्या खेळांत मेगा रेक्वाझा आला. इतरांना मेगा व्हायला, म्हणजे लढतीपुरतं दांडगं रूप घ्यायला, हातातला आयटम खर्ची घालावा लागतो. याला फक्त ड्रॅगन असेंट ही मूव्ह येत असली की पुरे, हात मोकळाच. बेस स्टॅटची बेरीज 780. त्याने उबर्सचीही वाट लावली आणि त्याला तिथूनही हाकलावं लागलं. मग त्याला ठेवायचं कुठे? त्यासाठी ‘काहीही चालेल’ या अर्थाचा नवा टियर काढला. गुंडांच्या वस्तीतूनही हद्दपार झालेल्यासाठी नवी वस्ती! अगदी तिथेही, बरं का, न संपणाऱ्या लढतींवरची बंदी कायम आहे. म्हणजे ‘काहीही’लाही स्लोब्रो चालत नाही.

आता दुसरा पक्ष. ‘दर लढतीत तेच दिसतं’ ही तक्रार सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत पोकळ. लँडोरसचं थेरियन रूप घ्या. सहाव्या, सातव्या आणि आठव्या पिढीतल्या ओयू या मुख्य टियरमध्ये तो इतका दिसायचा की त्याचा वाघासारखा चेहरा बघून डोळे दुखायचे. इंटिमिडेटने समोरच्याचा अटॅक उतरवायचा, मैदानात येणाऱ्याला लागणारे स्टेल्थ रॉक पसरायचे, यू-टर्न मारून निघून जायचं. पण त्याच्यासमोर आपल्या हातात काय नसायचं? पाण्याचा हल्ला होता, बर्फाचा चौपट लागत होता, उडणारे होते, त्याचे खडक झाडून टाकणारे होते. तो आपल्याला कोंडीत पकडत नव्हता, समोरच्याच्या टीमचे सांधे जोडत होता. सांधे जोडणाऱ्याला काढलं की दुसरा कुणीतरी सांधे जोडायला येतो आणि सहा महिन्यांनी आपण त्याच्या नावाने बोटं मोडतो.

इथे टियरबद्दलचा एक गैरसमजही काढून टाकायला हवा. ओयू म्हणजे ‘जोरदार पोकेमॉन’ असं नवखे समजतात. ओयूत कोण बसणार हे ताकदीवर ठरत नाही, वापरावर ठरतं. सध्याची रेघ 4.52 टक्के वापराची आहे, आणि हा विचित्र आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही: एखादा पोकेमॉन 4.52 टक्के टीममध्ये असेल, तर पंधरा लढतींत तो निदान एकदा भेटण्याची शक्यता बरोबर निम्मी होते. पूर्वी वीस लढतींचं गणित धरत, तेव्हा रेघ 3.41 होती. हिशोब सोपा आणि प्रामाणिक आहे: ज्याची गाठ पडण्याची तयारी ठेवायला हवी, तो ओयू. या रेघेच्या खाली पडलेल्यांसाठी यूयू, त्याखाली आरयू, एनयू, पीयू. म्हणजे एखाद्याचं टियर घसरलं की त्याचा अपमान झाला असं नसतं, त्याला घर मिळालं असतं. वापर जास्त म्हणून वर आणि बॅन झाला म्हणून वर, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करूनच ‘हा सगळीकडे आहे, काढा’ ही मागणी जन्माला येते.

2014 ची पाचिरिसूची गोष्ट दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने सांगतात. वॉशिंग्टनला झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क पाचिरिसू घेऊन जगज्जेता झाला. पाचिरिसू म्हणजे खारीसारखा दिसणारा, कुणी ढुंकूनही न पाहणारा इलेक्ट्रिक पोकेमॉन. तो फॉलो मी करून हल्ले अंगावर घ्यायचा आणि शेजारचा जोडीदार मोकळा सुटायचा. ‘बघा, खरा खेळाडू कशानेही जिंकतो, बॅन कशाला हवेत?’ असं पहिला पक्ष म्हणतो. पण पाचिरिसू ज्या नियमांत जिंकला त्या नियमांत म्यूटूला, झर्नियसला, इव्हेल्टलला प्रवेशच नव्हता. दांडग्यांना दाराबाहेर ठेवल्यामुळेच खारीला आत काहीतरी करून दाखवायला जागा मिळाली. ही बॅनविरुद्धची गोष्ट नाही, बॅनने काय साधतं याची गोष्ट आहे.

मग माप कशाचं काढायचं? माझ्या मते प्रश्न एकच आहे. ही गोष्ट मैदानात आल्यावर समोरच्याच्या हातात काय उरतं? तो चुकला तर हरेल आणि बरोबर खेळला तर वाचेल, असं काही आहे का? की तो बरोबर खेळला काय आणि चुकला काय, फरकच पडत नाही?

स्वॅगरचं उदाहरण या प्रश्नावर घासून बघू. सहाव्या पिढीत क्लेफ्की नावाचा चाव्यांचा जुडगा यायचा. अंगभूत प्रँकस्टर अ‍ॅबिलिटीमुळे याच्या स्टेटस मूव्ह, म्हणजे थेट इजा न करणाऱ्या चाली, आधी लागायच्या. थंडर वेव्हने पॅरलाइझ, मग स्वॅगरने गोंधळ. पॅरलाइझ झालेला पोकेमॉन चारात एकदा गोठून राहतो. गोंधळलेला, त्या काळच्या नियमाने, दोनात एकदा स्वतःलाच मारून घेतो. दोन्ही एकत्र आले की आपली मूव्ह खरोखर चालण्याची शक्यता अर्ध्याची पाऊण, म्हणजे 37.5 टक्के. आठ टर्नमध्ये सरासरी तीन. बाकी पाच टर्नमध्ये आपण काय निवडलं याला काडीचीही किंमत नाही. वर स्वॅगर आपला अटॅक दोन पायऱ्यांनी वाढवतो, म्हणजे स्वतःला बसणारा रट्टा आणखी जोराचा; आणि क्लेफ्कीची फाउल प्ले आपलाच वाढलेला अटॅक आपल्याविरुद्ध वापरते. फुकट मिळालेल्या टर्नमध्ये तो स्वतःपुढे ढालीसारखा सब्स्टिट्यूट उभा करून आरामात बसतो. मी या जुडग्याकडून किती वेळा हरलो ते सांगत नाही. पण महत्त्वाची गोष्ट ही की मी स्वतः तो वापरून जिंकलो, आणि जिंकताना मला काहीच ठरवावं लागलं नाही. नाणं उडवणाऱ्याला शाबासकी कशाची द्यायची?

क्रिकेटवाल्यांना हे 1981 पासून ठाऊक आहे. 1 फेब्रुवारीला मेलबर्नमध्ये न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या आणि ट्रेव्हर चॅपेलने, कर्णधार भावाच्या सांगण्यावरून, चेंडू खालून जमिनीलगत घरंगळत सोडला. नियमात बसत होतं. फलंदाजाने तो अडवला आणि बॅट फेकून दिली. त्या चेंडूत जोर नव्हता, स्पिन नव्हता, आणि तरी त्याच्यावर षटकार मारण्याचा मार्ग जगातल्या कुठल्याही फलंदाजाकडे नव्हता. पुढे असा चेंडू टाकण्यावर बंदी आली. ‘फार प्रभावी गोलंदाजी’ म्हणून ती बंदी आली असं कुणी म्हणेल का?

यावर लगेच येणारा आक्षेप असा की नशीब तर सगळीकडेच आहे. आहे. क्रिट, म्हणजे नशिबाने लागणारा जादा फटका, चोवीसात एकदा लागतोच, पूर्वी तर सोळात एकदा लागायचा. फोकस ब्लास्टची अचूकता 70, आणि ती मोक्याच्या क्षणी हुकते हा निसर्गनियम आहे. स्काल्डने दहात तीनदा भाजतं. मग रेघ कुठे मारायची? फोकस ब्लास्ट निवडणारा धोका स्वतः पत्करतो, त्याला कमी ताकदीची पण हमखास लागणारी मूव्ह घेता आली असती. स्काल्ड दिसतोय म्हटल्यावर आपण भाजलं तरी चालेल असा पोकेमॉन पुढे करू शकतो. क्रिटसाठी चांगला खेळाडू थोडी शिल्लक ठेवून खेळतो. नशीब ही अशी गोष्ट आहे की तिच्या विरुद्ध विमा उतरवता आला तर ती कौशल्याचाच भाग होते. स्वॅगरविरुद्ध विमा नव्हता. मूडी अ‍ॅबिलिटीविरुद्ध त्याहून नव्हता: दर टर्नला एक स्टॅट दोन पायऱ्या वर, दुसरा एक खाली, आणि त्या काळी त्यात चकवा देण्याची क्षमताही धरलेली. प्रोटेक्ट आणि सब्स्टिट्यूट आलटून पालटून करत बसायचं आणि सोडत लागायची वाट बघायची. दोन्ही गेले, बरं झालं. पुढे बनवणाऱ्यांनीही गोंधळाची शक्यता सातव्या पिढीत तिनात एकवर आणली आणि मूडीतून आठव्या पिढीत चकव्याचा भाग काढला.

काढायचं ठरलं की पुढचं भांडण सुरू होतं: नेमकं काय काढायचं? पोकेमॉन, मूव्ह, अ‍ॅबिलिटी, की दोहोंचा जोड? इथे चांगल्या चांगल्या लोकांचा पाय घसरतो. पाचव्या पिढीत पॉलिटोडला पाऊस पाडणारी ड्रिझल मिळाली आणि पाऊस कायमचा झाला, म्हणजे पॉलिटोड गेला तरी पाऊस पडतच राहणार. त्या पावसात स्विफ्ट स्विमवाल्या किंग्ड्रा-लुडिकोलोंचा वेग दुप्पट. 2011 मध्ये तोडगा निघाला: ड्रिझल चालेल, स्विफ्ट स्विम चालेल, दोन्ही एका टीममध्ये चालणार नाहीत. किती न्याय्य वाटतं ना! कुणालाच पूर्ण घालवलं नाही. पण त्यामुळे कायमचा पाऊस टिकला, त्याच्या तोडीला कायमचं ऊन आणि कायमचं वादळ टिकलं, आणि पूर्ण पिढीभर टीम बांधताना पहिला प्रश्न ‘हवामान कुणाचं?’ हाच राहिला. मला विचाराल तर तेव्हा ड्रिझलच जायला हवी होती. सहाव्या पिढीत बनवणाऱ्यांनीच अशा हवामानाचं आयुष्य पाच टर्नवर आणलं.

जोडांवरच्या बंदीत एक लबाडी दडलेली असते. आपल्याला आवडता पोकेमॉन ठेवायचा असतो आणि त्याचा त्रास तेवढा नको असतो. मग ‘ब्लेझिकन चालेल, पण स्पीड बूस्टवाला नको’. मग ‘हा चालेल, पण अमुक आयटम नको’. हे एकदा सुरू झालं की थांबायचं कुठे? चार मूव्ह काढून म्यूटूही ओयूत आणता येईल. त्याला म्यूटू म्हणायचं का, हा प्रश्न वेगळा. बॅटन पास या मूव्हने वाढलेले स्टॅट पुढच्या साथीदाराला देता येतात, आणि तिची सहाव्या पिढीतली कहाणी याचा धडा आहे. आधी किती जणांनी पास करायचं याची मर्यादा घातली. भागलं नाही. मर्यादा आणखी खाली आणली. भागलं नाही. मग वेगासोबत दुसरा स्टॅट पास करू नका अशी पुस्ती जोडली. नवख्या माणसाला तो नियम वाचून दाखवावा आणि त्याचा चेहरा बघावा. सातव्या पिढीत शेवटी बॅटन पासच काढून टाकली आणि सगळे सुटले. ठिगळं लावत बसण्यापेक्षा हे आधीच केलं असतं तर बरीच डोकेफोड वाचली असती.

याचा अर्थ नेहमी पोकेमॉनच काढा असा नाही. मूळ कुठे आहे ते शोधा. नवव्या पिढीत हाउंडस्टोन या भुताळी कुत्र्याला आधी बॅन केलं. त्याची लास्ट रिस्पेक्ट्स ही मूव्ह आपला एकेक साथीदार मेला की वाढत जायची, शेवटी तिच्यापुढे काही टिकायचं नाही. मग तीच मूव्ह बास्क्युलेजनच्या हातात आली आणि लक्षात आलं की बिचाऱ्या कुत्र्याचा दोष नव्हता. मूव्ह बॅन झाली, हाउंडस्टोन सुटला. सुटल्यावर त्याला कुणी विचारलंही नाही, हा त्याच्या निर्दोषपणाचा सज्जड पुरावा.

तोल हा पोकेमॉनच्या अंगात नसतो, तो ज्या नियमांत खेळतोय त्यात असतो, हे पोकेमॉनला राक्षसाएवढं करणाऱ्या डायनामॅक्सने जितकं दाखवलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये स्वोर्ड आणि शील्ड हे खेळ आले आणि डिसेंबरमध्ये स्मोगॉनने ओयूमधून डायनामॅक्स काढूनही टाकलं. ज्याच्या जाहिरातीवर खेळ विकला तीच गोष्ट महिन्याभरात बाद! किती ओरड झाली. पण एकास एक लढतीत ते काय करायचं बघा. कुणीही, कधीही, तीन टर्नसाठी राक्षस होणार, एचपी दुप्पटपर्यंत, मॅक्स एअरस्ट्रीमने मारता मारता वेगही वाढणार. नेमकं कोण आणि केव्हा होणार हे आपल्याला ठाऊक नाही, आणि झाल्यावर तीन टर्न जीव वाचवत फिरण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. तेच डायनामॅक्स अधिकृत स्पर्धांच्या दोनास दोन लढतीत तीन मोसम चाललं आणि चांगलं चाललं. कारण तिथे आपले दोघं मिळून एका राक्षसावर तुटून पडू शकत होते, एक प्रोटेक्ट करताना दुसरा घाव घालू शकत होता. गोष्ट तीच, हातात उरणारे पर्याय वेगळे, म्हणून निकालही वेगळा.

ठरवायचं कुणी? सध्याची रीत अशी: संशयिताची चाचणी जाहीर होते, ठरावीक दर्जा गाठेपर्यंत लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीत, खेळायचं, तो गाठला की मत. काढण्यासाठी हल्ली साधारण 60 टक्के मतं लागतात. अगदीच उघड प्रकरण असेल तर निवडक खेळाडूंची परिषद थेट निर्णय घेते. ‘मूठभरांची मक्तेदारी’ म्हणून यावर टीका होते. मला ती फारशी पटत नाही. जो खेळत नाही त्याने मत का द्यावं? बहुमत साध्या निम्म्यापेक्षा वर ठेवणंही योग्यच आहे, काढणाऱ्यावर पटवण्याचा भार जास्त असलाच पाहिजे. माझी तक्रार दुसरीच आहे. दर्जा गाठला याचा अर्थ जिंकता येतं, एवढाच होतो. आणि चाचणी चालू असताना दर्जा गाठायचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे संशयितालाच टीममध्ये घेणं. मग मत देताना माणूस ‘यासमोर मी काय करू शकत होतो?’ हे आठवत नाही, ‘याने मला किती जिंकून दिलं?’ हे आठवतो.

सर्वांत अवघड प्रकरण शेवटी घेतो. कार्ट्रिजवर जे घडतं तेच इंटरनेटवरच्या सिम्युलेटरवर घडावं, हा स्मोगॉनचा जुना बाणा. आम्ही बंदी घालू, पण खेळाचं यंत्र बदलणार नाही. बाणा चांगला आहे, फक्त तो पाळला गेला नाही. एका वेळी समोरच्या एकाच पोकेमॉनला झोपवायचं, हा नियम वर्षानुवर्षं असा राबवला की दुसऱ्याला झोपवायला गेलात तर मूव्ह आपोआप फसायची. कार्ट्रिजवर ती फसत नाही. नियमाचं मूळ पोकेमॉन स्टेडियम या जुन्या खेळात आहे हे खरं, पण आजच्या खेळात ते नाही. म्हणजे सोयीसाठी यंत्राला हात लावलाच होता. नवव्या पिढीत शेवटी झोपवणाऱ्या मूव्हवरच बंदी आली आणि हा डाग निदान तिथे पुसला गेला.

आता हाच बाणा टेरास्टलायझेशनच्या, थोडक्यात ‘तेरा’च्या, प्रकरणात आडवा आला. टेरास्टलायझेशनने लढतीत एकदा आपला प्रकार बदलता येतो. अठरातला कुठलाही, नंतर एकोणिसावाही आला. समोरच्याने कुठला निवडलाय हे आपल्याला माहीत नाही. आपण चौपट लागणारा हल्ला करतो आणि त्याच क्षणी तो त्याला न लागणारा होतो. पूर्ण बंदी, मर्यादा, की टीम दाखवतानाच तेराचा प्रकारही दाखवायचा, असे पर्याय चर्चेत आले. शेवटी काहीच बदललं नाही, तेरा जसंच्या तसं राहिलं. माझ्या मापाने ते काढायची गरज नव्हतीच. तेरा हा पर्याय दोघांनाही आहे, लढतीत एकदाच आहे, आणि तो कधी खर्च करायचा यात खूप डोकं लागतं. त्रास आहे तो अंधाराचा. दिवा लावला असता तर भागलं असतं. अधिकृत स्पर्धांमध्ये स्कार्लेट-व्हायोलेट या खेळांच्या काळात दोघांच्या टीमचे कागद एकमेकांना दाखवू लागले: मूव्ह, आयटम, अ‍ॅबिलिटी आणि तेराचा प्रकारही, स्टॅटचे आकडे तेवढे झाकलेले. त्याने लढती मचूळ झाल्या नाहीत, उलट अंदाज बांधण्याला अर्थ आला. ज्यांनी झोपेसाठी वर्षानुवर्षं यंत्र वाकवलं, त्यांनी दिवा लावायच्या वेळी यंत्राच्या पावित्र्याचं नाव घेणं मला मान्य नाही.

अधिकृत स्पर्धांचं कौतुक मात्र इथेच थांबवतो. त्यांच्याकडे तोल बिघडला की उपाय एकच: थोडे महिने थांबा, नियमावली बदलेल. 2016 मध्ये झर्नियस, ग्राउडन, सॅलमेन्स, कंगास्कान, स्मीर्गल, टॅलनफ्लेम हे सहा जण एकाच टीममध्ये इतके दिसले की त्या सहांना मिळून नावच पडलं. स्मीर्गलची डार्क व्हॉइड दोघांना एकदम झोपवायची. पुढच्या पिढीत बनवणाऱ्यांनी ती डार्कराईखेरीज कुणाच्या हातून चालेनाशी केली, टॅलनफ्लेमची गेल विंग्ज फक्त पूर्ण एचपी असतानाच चालेल अशी केली. उपाय उत्तम, पण त्या मोसमात जे खेळले त्यांचं काय? नियमावली फिरवत राहिलं की कशालाच वाईट म्हणावं लागत नाही. वादही नाही, कारणंही नाहीत. मला वाद परवडतो. स्मोगॉनवाले चुकतात, पण का चुकले ते लिहून ठेवतात, आणि वाचून त्यांच्याशी भांडता येतं.

हा लेख खरं तर किंगॅम्बिट या पोकेमॉनला काढा असं सांगण्यासाठी लिहायला घेतला होता. परवा एक लढत हरलो. शेवटी माझ्याकडे एक वेगवान पण नाजूक पोकेमॉन, समोरच्याकडे किंगॅम्बिट. पाच साथीदार मेलेले, म्हणजे सप्रीम ओव्हरलॉर्ड या गुणाने त्याची ताकद दीडपट. मी हल्ला करायचा तर त्याची सकर पंच आधी लागणार. मी हल्ला केला नाही तर ती फसणार, पण मग तो स्वॉर्ड्स डान्स करणार. मी हल्ला केला. त्याने ओळखलं होतं. चिडून रिप्ले उघडला, लेखाला पुरावा म्हणून. शेवटच्या टर्नपासून मागे मागे येत गेलो. चौदाव्या टर्नला माझा ग्रेट टस्क जिवंत होता. डार्क आणि स्टील असलेल्या किंगॅम्बिटला फायटिंग चौपट लागतं, सकर पंच टस्कला अर्धीच लागते, आणि समोरच्याने तेरा आठव्याच टर्नला दुसऱ्यावर खर्च केलेला मी पाहिला होता. तरी त्या टर्नला दुसरं कुणी जखमी होऊ नये म्हणून मी टस्कला मरायला पुढे केलं. बाकावर चांगले दोन जण बसले होते.